हिमयुगातली गोगलगाय आणि उत्तरेकडचा बचनाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात, मिसिसिपी नदीच्या वरच्या खोऱ्यालगत, ऐन उन्हाळ्यातही थंड हवा बाहेर सोडणारे काही दगडी उतार आहेत. या उतारांवर एक अतिशय दुर्मीळ गोगलगाय आणि एक विषारी रानफूल शेजारीशेजारी राहतात. संवर्धनाविषयीच्या लेखनात या जोडीचा उल्लेख जवळजवळ नेहमी एकत्रच येतो, आणि त्यामुळे दोघांची अडचण एकच व तिच्यावरचा उपायही एकच, असा समज सहज होतो. तो अर्धाच खरा आहे. वाचकांकडून या विषयावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

हे दोन जीव नेमके कोणते?

पहिली आहे आयोवा प्लाइस्टोसीन गोगलगाय, शास्त्रीय नाव डिस्कस मॅकक्लिंटॉकी. पूर्ण वाढलेल्या गोगलगायीच्या शंखाचा व्यास साधारण ६ ते ८ मिलिमीटर भरतो. रंग तपकिरी किंवा हिरवट तपकिरी असतो, वेटोळी घट्ट असतात आणि शंखाचा माथा घुमटासारखा किंचित वर उचललेला असतो. ओल्या पाचोळ्यात ती पानाच्या खालच्या अंगाला चिकटून बसली, की नवख्या माणसाला ती मातीचा खडाच वाटते.

दुसरे आहे नॉर्दर्न मंक्सहुड हे रानफूल, शास्त्रीय नाव ॲकोनायटम नोव्हेबोरासेन्स. बचनागाच्या वंशातली ही बहुवार्षिक वनस्पती असून ती साधारण ३० ते १२० सेंटिमीटर उंच होते. जून ते सप्टेंबर या काळात तिला निळी-जांभळी फुले येतात. फुलाचे वरचे निदल टोपीसारखे पुढे झुकलेले असते आणि त्याच्या आड मध साठवणाऱ्या दोन अरुंद पाकळ्या दडलेल्या असतात. आकाराने, रंगाने आणि लोकांच्या नजरेत भरण्याच्या बाबतीत हे फूल गोगलगायीच्या कितीतरी पुढे आहे, आणि संवर्धनाच्या दृष्टीने ही बाब वाटते तितकी किरकोळ नाही.

मग एक प्राणी आणि एक वनस्पती यांची तुलना करण्याचे कारण काय?

कारण दोघांची गरज एका मुद्द्यावर येऊन मिळते: उन्हाळ्यात थंड राहणारी जमीन. दोघांनाही अमेरिकेच्या संघराज्य कायद्याचे संरक्षण १९७८ याच वर्षी मिळाले, आणि १९८९ मध्ये स्थापन झालेले ‘ड्रिफ्टलेस एरिया राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान’ मुख्यतः या दोघांसाठीच अस्तित्वात आले. एकाच जागी, एकाच कायद्याखाली आणि एकाच यंत्रणेच्या देखरेखीत असलेले दोन जीव शेजारी ठेवून पाहिले, की संरक्षण कुठे पोहोचते आणि कुठे थांबते हे जितके स्पष्ट दिसते, तितके एकट्या जीवाच्या अभ्यासातून दिसत नाही.

हे उतार उन्हाळ्यात थंड कसे राहतात?

या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर दिले पाहिजे, कारण पुढचे बहुतेक सगळे यावरच उभे आहे.

या भागातले डोंगर चुनखडीच्या आणि डोलोमाइटच्या खडकाचे आहेत. पाण्याने हा खडक विरघळतो, त्यामुळे त्याला भेगा पडतात, आत पोकळ्या तयार होतात आणि वरच्या सपाटीवर जमीन खचून खोलगट विवरे पडतात. या खडकाखाली अनेक ठिकाणी शेलचा थर असतो, जो पाण्याला आणखी खाली जाऊ देत नाही. हिवाळ्यात बाहेरची कोरडी, कडाक्याची थंड हवा या पोकळ्यांत शिरते आणि आतला खडक गोठणबिंदूच्या खाली जातो. वसंत ऋतूत वर वितळलेले पाणी झिरपत या गार खडकापर्यंत पोहोचते आणि तिथे पुन्हा गोठते. उन्हाळा येतो तेव्हा डोंगराच्या पोटात बर्फाचा साठा तयार असतो. बाहेरची हवा वरच्या विवरांतून आत ओढली जाते, बर्फावरून जाताना थंड होते, जड होते आणि खाली उतरत उतारावरच्या दगडांच्या फटींतून बाहेर पडते.

या फटींजवळची जमीन उन्हाळाभर शून्याच्या किंचित वरपासून ते सुमारे १३ अंश सेल्सिअसपर्यंतच तापते. हिवाळ्यात मात्र तीच जमीन सभोवतालच्या जमिनीपेक्षा कमी गारठते आणि साधारणपणे उणे १० अंशांच्या खाली जात नाही. म्हणजे या उताराचे वैशिष्ट्य नुसता गारवा हे नसून वर्षभर फारसे न हेलकावणारे तापमान हे आहे. जुलैच्या दुपारी अशा फटीपाशी हात धरला, तर शीतकपाटाचे दार उघडल्यावर येतो तसा गार झोत लागतो. हातभर अंतरावरचे शेवाळ ओलेचिंब असते, आणि उतारावरून खाली उतरून रस्त्यावर आले की पुन्हा नेहमीचा उकाडा.

बहुतेक उतार उत्तराभिमुख आहेत. सूर्य थेट येत नाही, वर झाडांची सावली असते, त्यामुळे फटींतून आलेला गारवा टिकून राहतो.

हे उतार याच भागात का आढळतात?

शेवटच्या हिमयुगात उत्तर अमेरिकेचा मोठा भाग हिमनद्यांखाली गेला, पण आग्नेय मिनेसोटा, ईशान्य आयोवा, नैर्ऋत्य विस्कॉन्सिन आणि वायव्य इलिनॉय यांच्या सीमांवरचा हा पट्टा त्या शेवटच्या हिमनद्यांच्या तडाख्यातून सुटला. हिमनदी ज्या प्रदेशावरून जाते, तिथले डोंगर घासून सपाट होतात आणि मागे गाळमातीचा जाड थर उरतो. इथे तसे न झाल्यामुळे खोल दऱ्या, उघडे कडे आणि भेगाळलेला खडक शाबूत राहिला. या पट्ट्याला ‘ड्रिफ्टलेस एरिया’ म्हणतात.

ही गोगलगाय नामशेष झाली असे एकेकाळी समजले जात होते, हे खरे आहे का?

होय. तिचे शास्त्रीय वर्णन १९२८ मध्ये फ्रँक कॉलिन्स बेकर यांनी केले, तेही जीवाश्म शंखांवरून. हिमयुगीन गाळात सापडणारा एक लुप्त जीव, एवढीच तिची ओळख होती. १९५५ मध्ये ईशान्य आयोवात ती जिवंत आढळली. त्यानंतर, विशेषतः १९८० च्या दशकात टेरेन्स फ्रेस्ट यांच्यासारख्या मृदुकाय-अभ्यासकांनी एकेक उतार पालथा घातला, तेव्हा तिच्या आणखी वसाहती नोंदल्या गेल्या.

जीवाश्मांवरून दिसते ते असे, की ही प्रजाती ४ लाख वर्षांहून अधिक काळ टिकून आहे, आणि हिमयुगाच्या थंड टप्प्यांत ती आयोवा, नेब्रास्का, मिसुरी, इलिनॉय, इंडियाना, ओहायो अशा विस्तीर्ण प्रदेशात पसरलेली होती. हवामान उष्ण होत गेले तसा तिचा प्रदेश आक्रसत गेला आणि अखेरीस ती फक्त थंड हवेच्या फटींपाशी उरली. आज तिचा ठावठिकाणा ईशान्य आयोवातले काही डझन उतार आणि इलिनॉयच्या वायव्य कोपऱ्यातली एखादी जागा एवढाच आहे.

रानफुलाचाही इतिहास असाच आहे का?

ढोबळमानाने तसाच, पण एका महत्त्वाच्या फरकासह. हे फूलही थंड काळाचे अवशेष मानले जाते आणि तेही तुकड्यातुकड्यांत उरले आहे. मात्र त्याला बर्फावरून येणारी हवाच लागते असे नाही. मुळांपाशी जमीन गार आणि ओलसर असली की त्याचे भागते. म्हणून ते आयोवातल्या थंड उतारांबरोबरच विस्कॉन्सिनमध्ये वालुकाश्माच्या ओलसर कड्यांवर, ओहायोत सावलीतल्या घळींमध्ये आणि न्यू यॉर्क राज्यात कॅटस्किल डोंगरांतल्या थंड ओढ्यांच्या काठीही वाढते. चार राज्यांत पसरलेले असल्यामुळे एखाद्या भागात ते संपले, तरी प्रजाती संपत नाही. गोगलगायीला एवढी सवड नाही.

दोघे एकमेकांवर अवलंबून आहेत का? गोगलगाय हे फूल खाते का?

नाही. गोगलगायीचे अन्न म्हणजे गळून पडलेली पाने, त्यातही प्रामुख्याने बर्च आणि मेपल या झाडांची. बचनागाशी तिचा आहाराचा संबंध नाही आणि फुलालाही तिचे काही देणेघेणे नाही. ते दोघे शेजारी आहेत, सोबती नाहीत.

फुलाचे खरे नाते आहे बंबलबी या केसाळ, दणकट माशीशी. टोपीच्या आडचा मध मिळवण्यासाठी कीटकाला फुलात अंग घुसळून शिरावे लागते आणि लांब सोंड आत घालावी लागते. बारीकसारीक कीटकांचे ते काम नव्हे. बंबलबी आत शिरते तेव्हा तिच्या पोटाला पराग लागतो आणि पुढच्या फुलापर्यंत जातो. त्यामुळे फुलाच्या संरक्षणात फक्त उतार सांभाळून चालत नाही, तर वसंतापासून शरदापर्यंत या माशीला खाद्य देणारी आसपासची फुलझाडेही सांभाळावी लागतात. गोगलगायीच्या बाबतीत असा बाहेरचा भागीदार कुणीच नाही. तिच्यासाठी उतारावरची झाडे आणि त्यांचा पाचोळा हेच सर्वस्व.

पुनरुत्पादनाच्या बाबतीत कोण अधिक सक्षम आहे?

फूल. त्याच्याकडे दोन मार्ग आहेत: बी आणि जमिनीखालचे लहान कंद. एखाद्या वर्षी माश्या कमी आल्या किंवा बी धरले नाही, तरी कंदांवर झाड तग धरते. शिवाय माशी एका ठिकाणचा पराग दुसऱ्या ठिकाणी नेऊ शकते, त्यामुळे जवळजवळच्या वसाहतींमध्ये थोडी तरी देवाणघेवाण होत राहते.

गोगलगाय उभयलिंगी आहे, पण तिची वीण संथ असते. मार्चच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंतच्या काळात ती लाकडाच्या ओंडक्याखाली, सालीखाली, ओल्या फटींत किंवा मातीत २ ते ६ अंडी घालते. आयुष्य साधारण ५ ते ७ वर्षांचे. ऑगस्टमध्ये जमीन सुकू लागली की ती मंदावते आणि हिवाळ्यात मातीत शिरून सुप्तावस्थेत जाते. एका उतारावरून दुसऱ्या उतारावर जायचे, तर मधली शेते, कुरणे आणि रस्ते ओलांडणे तिला शक्यच नसते. कोरड्या जमिनीवर ती काही अंतरातच दगावेल. परिणामी प्रत्येक उतारावरची वसाहत पिढ्यान्‌पिढ्या एकटी पडलेली आहे, आणि जनुकीय अभ्यासांतही निरनिराळ्या उतारांवरच्या गोगलगायी एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या झालेल्या आढळल्या आहेत. एक उतार गेला, की त्याच्याबरोबर जाणारा जनुकीय वारसा दुसऱ्या उतारावरून भरून काढता येत नाही.

दोघांपैकी अधिक दुर्मीळ कोण?

गोगलगाय, यात वाद नाही. कायद्यानेही हा फरक मान्य केला आहे. १९७३ च्या अमेरिकी संकटग्रस्त प्रजाती कायद्यात दोन पायऱ्या आहेत. ज्या प्रजातीवर तिच्या संपूर्ण किंवा महत्त्वाच्या अधिवासात नामशेष होण्याचे संकट आहे ती ‘संकटग्रस्त’, आणि जी नजीकच्या भविष्यात त्या अवस्थेला पोहोचण्याची शक्यता आहे ती ‘धोकाग्रस्त’. १९७८ मध्ये गोगलगाय पहिल्या वर्गात नोंदली गेली आणि फूल दुसऱ्या. लोकांच्या बोलण्यात दोघांनाही सरसकट ‘संकटग्रस्त’ म्हटले जाते. बोलण्यात ते चालून जाते, पण अर्ज-परवाने आणि निधी यांच्या व्यवहारात हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

कायदा दोघांना सारखेच संरक्षण देतो का?

देत नाही, आणि माझ्या मते या सबंध तुलनेतला हा सर्वांत कमी चर्चिलेला मुद्दा आहे.

संकटग्रस्त प्राण्याला मारणे, पकडणे, इजा करणे किंवा छळणे हे कुठेही निषिद्ध आहे. जमीन सरकारी असो की खासगी. प्राण्याच्या अधिवासाची अशी मोडतोड, की ज्यामुळे तो प्रत्यक्ष मरतो किंवा जखमी होतो, तीही ‘इजा’ या सदरात आतापर्यंत धरली गेली आहे. जाणूनबुजून केलेल्या गुन्ह्यासाठी कायद्यात ५० हजार डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद अशी तरतूद आहे.

वनस्पतीचे तसे नाही. संघराज्य सरकारच्या जमिनीवरून संरक्षित वनस्पती उपटून नेणे १९८२ च्या दुरुस्तीने निषिद्ध झाले, आणि १९८८ च्या दुरुस्तीने तिथे मुद्दाम नासधूस करण्यालाही आळा घातला. मात्र इतरत्र, म्हणजे मुख्यतः खासगी जमिनीवर, संघराज्य कायदा वनस्पतीच्या मदतीला तेव्हाच येतो, जेव्हा तोडणाऱ्याने राज्याच्या कायद्याचा जाणूनबुजून भंग केलेला असतो किंवा दुसऱ्याच्या जमिनीत घुसखोरी केलेली असते. स्वतःच्या जमिनीवरची झाडे मालकाने काढली, तर संघराज्य कायद्याचा हात सहसा तिथे पोहोचत नाही.

अशा परिस्थितीत एखाद्या खासगी उतारावर दोघेही असतील, तर काय होईल? गोगलगायीमुळे त्या उताराला जे संरक्षण मिळते, त्याचा आडोसा फुलालाही मिळतो. फक्त फूलच असेल, तर तो आडोसा नाही. नजरेत भरणाऱ्या सुंदर फुलाला खड्याएवढ्या गोगलगायीच्या पाठीमागे उभे राहावे लागते, ही कायद्याची एक गंमतच म्हणायची. एक मात्र दोघांना समान लागू आहे: सरकारी परवाना किंवा पैसा लागणाऱ्या कोणत्याही प्रकल्पाचा या प्रजातींवर काय परिणाम होईल, याविषयी संबंधित खात्याला मत्स्य व वन्यजीव सेवा या संघराज्य यंत्रणेशी सल्लामसलत करावीच लागते.

हे फूल खरोखर स्वतंत्र प्रजाती आहे का?

वनस्पतितज्ज्ञांचे याबाबत एकमत नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरांत ॲकोनायटम कोलंबियानम नावाचा बचनाग मुबलक आढळतो, आणि दोघांत ठाम फरक करता येईल अशी लक्षणे कमी आहेत. उत्तर अमेरिकेच्या वनस्पतींचा जो मोठा संदर्भकोश तयार होत आहे, त्याच्या १९९७ मधल्या खंडात नॉर्दर्न मंक्सहुडचा समावेश त्या पश्चिमेकडच्या प्रजातीतच केलेला आहे.

हा वाद पुस्तकी वाटेल, पण त्याला कायदेशीर धार आहे. संकटग्रस्त प्रजाती कायद्यात एखाद्या प्रजातीचा भौगोलिकदृष्ट्या अलग पडलेला गट स्वतंत्रपणे संरक्षित करण्याची सोय फक्त पृष्ठवंशीय प्राण्यांसाठी आहे. वनस्पतींसाठी आणि अपृष्ठवंशीयांसाठी ती नाही. म्हणजे पूर्वेकडचे फूल वेगळी प्रजाती, उपप्रजाती किंवा वाण ठरले नाही, तर ‘पूर्वेकडची अलग लोकसंख्या’ म्हणून त्याला यादीत ठेवायला जागाच उरत नाही. गोगलगायीच्या ओळखीबद्दल असा प्रश्न नाही.

दोघांना नेमका कशापासून धोका आहे?

बहुतेक धोके सामाईक आहेत. गुरे उतारावर चढली, की सैल दगड घसरतात, फटी बुजतात आणि पाचोळा तुडवला जातो. गोगलगाय चिरडली जाते आणि फुलाची मुळे उघडी पडतात. वरची झाडे तोडली, की सावली जाते आणि जमीन तापते. खाणकाम, रस्ते, शेतातून वाहून येणारी औषधे आणि खते, लसूण-मोहरीसारख्या आक्रमक परदेशी वनस्पती यांचा उपद्रव दोघांनाही होतो.

तपशिलात मात्र फरक पडतो. झाडतोडीचा फटका गोगलगायीला दुहेरी बसतो, कारण झाडांबरोबर तिचे अन्नही जाते. कीटकनाशकांचा फटका फुलाला आडून बसतो, कारण त्यांनी बंबलबी मरते. धरणांचा धोका फुलालाच अधिक, कारण ते नदीकाठच्या कड्यांवरही वाढते. विस्कॉन्सिनमधल्या किकापू नदीवर ला फार्ज येथे सुरू झालेल्या धरणाचे काम १९७५ मध्ये वाढता खर्च आणि पर्यावरणावरचे परिणाम या कारणांनी थांबले. त्या खोऱ्यातल्या कड्यांवर हे फूल आजही वाढते.

आणि मग डोंगराच्या माथ्यावरची ती विवरे. शेतकऱ्याच्या दृष्टीने विवर म्हणजे वाया गेलेली, नांगराला आडवी येणारी जागा. तिच्यात दगड, माती, भंगार टाकून ती बुजवणे हे कित्येक वर्षे रीतीचेच काम होते. पण विवर बुजले, की हवेची वाट बंद होते आणि खाली कित्येक मीटरवर असलेला उतार, ज्याला कुणी हातही लावलेला नाही, हळूहळू तापू लागतो. म्हणूनच, उताराभोवती कुंपण घालून माथा मोकळा सोडणाऱ्या योजनेला मी अपुरी मानतो, मग ती कागदावर कितीही नेटकी दिसो.

उतारावर फूल जोमाने फुलले असेल, तर गोगलगायही सुखरूप आहे असे समजावे का?

असे समजू नये. हा मोह स्वाभाविक आहे, कारण फूल लांबून मोजता येते आणि गोगलगाय शोधावी लागते. परंतु फुलाला जेवढा गारवा पुरतो, तेवढा गोगलगायीला पुरेलच असे नाही. उतार थोडा तापला, थोडा सुकला, तरी कंद जमिनीत खोल असल्यामुळे फूल काही वर्षे फुलत राहू शकते. पाचोळ्यात राहणाऱ्या, त्वचेतून ओल गमावणाऱ्या गोगलगायीवर मात्र त्याचा परिणाम लगेच होतो. उलट बाजूही तितकीच खरी. गोगलगायी भरपूर असलेल्या उतारावर घनदाट सावलीमुळे फुलाची झाडे न फुलता नुसत्या पानांच्या झुबक्यांच्या रूपात राहिलेली असू शकतात. एकाची संख्या दुसऱ्याचा दाखला म्हणून वापरता येत नाही.

मग त्यांची मोजदाद कशी करतात?

फुलाच्या बाबतीत ठराविक चौकटी आखून त्यांतली फुललेली आणि न फुललेली झाडे मोजली जातात. गोगलगायीसाठी पाचोळा पान पान करून तपासावा लागतो. काही पाहण्यांमध्ये शंखावर इवलीशी खूण करून गोगलगाय सोडून देतात आणि नंतरच्या फेरीत खुणेच्या किती आणि बिनखुणेच्या किती सापडतात, यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधतात. अडचण अशी, की मोजणाऱ्याचे पाऊलही उताराला जड असते. सैल दगडांवर चारदोन माणसे दिवसभर वावरली, तरी नुकसान होते, म्हणून मोजणी सारखी सारखी करता येत नाही.

बंदिस्त जागेत वाढवून त्यांना दुसरीकडे सोडता येणार नाही का?

फुलाच्या बाबतीत ते निदान कल्पनेत बसते: बी साठवता येते, कंद लावता येतात. गोगलगायीच्या बाबतीत खरी अडचण पैदाशीची नसून सोडण्याच्या जागेची आहे. तिला हवा तसा उतार बनवता येत नाही, आणि जे उतार आहेत तिथे ती एकतर आधीच आहे किंवा तिथून संपण्याचे कारण अजून तसेच आहे. शिवाय उताराउताराच्या गोगलगायी जनुकीयदृष्ट्या भिन्न असल्याने त्यांची सरमिसळ करणे शहाणपणाचे नाही. १९८३ मध्ये फुलासाठी आणि १९८४ मध्ये गोगलगायीसाठी तयार झालेल्या पुनरुज्जीवन आराखड्यांचा भर आहे त्या जागा विकत घेऊन किंवा जमीनमालकांशी करार करून सांभाळण्यावर होता, आणि तो योग्यच होता. वन्यजीव आश्रयस्थानाबरोबर आयोवा राज्याचे नैसर्गिक संसाधन खाते आणि नेचर कॉन्झर्व्हन्सी ही संस्थाही अशा जागा राखून आहेत.

तापमानवाढीचा परिणाम कुणावर आधी होईल?

गोगलगायीवर. उतारातला बर्फ दर हिवाळ्यात नव्याने भरावा लागतो. हिवाळे सौम्य झाले तर साठा कमी बनेल आणि उन्हाळा संपण्याआधीच तो सरेल. सावली, कुंपण, मोकळी विवरे यांमुळे ही प्रक्रिया लांबवता येते. फुलाला उत्तरेकडच्या किंवा उंचावरच्या ओढ्याकाठी आसरा मिळण्याची थोडीफार शक्यता आहे. गोगलगाय या आधीच्या उष्ण कालखंडांतूनही वाचली, हे खरे. पण तेव्हा तिच्या उतारांच्या आजूबाजूला शेते नव्हती, अखंड जंगल होते.

बचनाग हाताळणे धोक्याचे आहे का?

होय. झाडाच्या सर्व भागांत, विशेषतः मुळांत, ॲकोनायटिनसारखी विषारी द्रव्ये असतात. ती हृदयाच्या ठोक्यांवर आणि मज्जासंस्थेवर परिणाम करतात. हे झाड तोंडात घालणे तर दूरच, तोडून हातात घेणेही टाळावे. गोगलगाय पूर्णपणे निरुपद्रवी आहे.

त्यांना प्रत्यक्ष पाहायला जाता येते का?

वन्यजीव आश्रयस्थानाचे बहुतेक तुकडे लोकांसाठी बंद आहेत आणि ते तसेच असावेत. ही जमीन आयोवा आणि विस्कॉन्सिनमध्ये विखुरलेल्या लहान लहान तुकड्यांची आहे, आणि उतारांची नेमकी ठिकाणे सहसा जाहीर केली जात नाहीत. थंड हवेचा प्रकार अनुभवायचा असेल, तर ईशान्य आयोवातले बिक्सबी राज्य संरक्षित क्षेत्र किंवा डेकोरा गावाजवळची बर्फाची गुहा ही बरी ठिकाणे आहेत. डेकोराच्या गुहेत बर्फ हिवाळ्याच्या भरात नव्हे, तर वसंतात पाणी झिरपू लागल्यावर धरतो आणि उन्हाळ्यात बराच काळ टिकतो, त्यामुळे वर सांगितलेली सगळी यंत्रणा तिथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. तिथेही आखलेली वाट सोडून दगडांवर चढू नये आणि पाचोळा उलथापालथा करू नये. फूल पाहायचे असल्यास ऑगस्टच्या सुमारास, वाटेवरूनच, दुर्बिणीने पाहावे.